मदत हवी आहे: पीजीएसवाली सेंद्रिय हळद युरोपला पाठवता येईल का?

नमस्कार मंडळी. आमची वसमत तालुक्यात (जि. हिंगोली) छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ४६ सभासद, सगळी सेलम हळद. चार वर्षं रासायनिक खत-फवारणी बंद, पीजीएस (शेतकरी गटानेच एकमेकांची तपासणी करून द्यायचं) सेंद्रिय प्रमाणपत्र हातात. जर्मनीतल्या एका खरेदीदाराला नमुना आवडला आणि तिथेच गाडी अडली. पीजीएस देशातल्या विक्रीपुरतं. निर्यातीला एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचं) त्रयस्थ संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र आणि ट्रेसनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून त्या-त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं, हे आम्हाला आत्ता कळलं. सल्लागार फी घेऊन गप्प बसला होता. असो.

हंगामी पिकाला रूपांतराची (रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याची) दोन वर्षं धरतात. आमची पीजीएसची चार वर्षं त्यात कुणी धरून घेतली आहेत का, की पुन्हा शून्यापासून?

खरी काळजी मात्र हळद शिजवायच्या कुकरची आणि पॉलिश ड्रमची. दोन्ही भाड्याचे. आमच्या आधी दुसऱ्याची हळद निघालेली असते, ड्रमच्या जाळीत पिवळा भुगा बोटाला लागतो. कुणी पॉलिशला रंगही मारतं. तपासनीस नुसती धुतल्याची नोंद मान्य करतो, की ड्रम स्वतंत्रच हवा? नवा घ्यायची आत्ता ऐपत नाही.

आणखी एक. युरोपच्या २०१८/८४८ या सेंद्रिय नियमात, गटाने मिळून प्रमाणपत्र घेतलं तर त्यातल्या सभासदाला ५ हेक्टरांची मर्यादा आहे. त्यापुढे उलाढाल आणि प्रमाणपत्राचा खर्च बघतात. आमच्या दोघांकडे १५ एकरांच्या वर रान आहे. त्यांना वेगळं प्रमाणपत्र काढावं लागलं, असं कुणाचं झालंय का? खर्च किती आला?

स्वतः माल पाठवलेल्यांनीच सांगा, प्लीज.