२० आठवड्यांची सोनोग्राफी: व्हेंट्रिकल १० मिमीच्या काठावर आलं तर पुढे काय काय बघायचं?

शंकासुर

नमस्कार मंडळी. ॲनॉमली स्कॅन (गर्भातले दोष शोधणारी सोनोग्राफी) शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. जुन्या धाग्यांत उत्तरं तुकड्यातुकड्यांनी सापडतात, एका जागी नाहीत, म्हणून विचारतो.

गर्भ २० आठवडे ३ दिवसांचा. डोक्याचा घेर आणि बीपीडी (डोक्याची आडवी रुंदी) वयाला धरून. लॅटरल व्हेंट्रिकलची (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची) रुंदी, जिची मर्यादा १० मिमी, एका फ्रेममध्ये ९.२ मिमी, दुसऱ्या फ्रेममध्ये १०.६. दोन्ही फ्रेम दिसायला बऱ्याच. आता,

(अ) यातलं खरं माप कुठलं आणि चूक नक्की कुठे होते?
(आ) खरंच १० च्या वर असेल तर त्याच बैठकीत काय काय बघितल्याशिवाय पेशंटला टेबलावरून उठवू नये?
(इ) रिपोर्टात काय लिहायचं? नुसतं 'माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगॅली' (व्हेंट्रिकल थोडं रुंद) लिहून मोकळं झालं की आईवडील रात्रभर मोबाइलवर नको नको ते वाचत बसतात.

मध्यरेषा

(अ) आधी घेतो, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं वाया.

एकाच बाळात, एकाच बैठकीत १.४ मिमीचा फरक पडला म्हणजे प्लेन हलला आहे किंवा रेषा तिरकी पडली आहे. ट्रान्सव्हेंट्रिक्युलर प्लेनची (व्हेंट्रिकलमधून जाणाऱ्या आडव्या छेदाची) ओळख अशी: मिडलाइन कवटीच्या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर, पुढच्या एक तृतीयांश भागात सीएसपीची (कॅव्हम सेप्टाय पेल्युसिडाय, मिडलाइनवरची पाण्याची छोटी पोकळी) चौकट, मागे व्हेंट्रिकलमध्ये कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतलं पाणी तयार करणारा उजळ गोळा). त्याच चित्रात सेरिबेलमही (लहान मेंदू) डोकावत असेल तर प्रोब मागून खाली झुकलाय. ती फ्रेम व्हेंट्रिकलसाठी बाद.

माप एट्रियमपाशी (व्हेंट्रिकलच्या मागच्या रुंद भागापाशी) घ्यायचं: कोरॉइडचा जाड गोळा असतो तिथे, परायटो-ऑक्सिपिटल सल्कस या मेंदूच्या आतल्या बाजूच्या खाचेसमोर. रेषा व्हेंट्रिकलच्या लांबीला काटकोनात हवी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हात सवयीने मिडलाइनला काटकोन धरतो, पण व्हेंट्रिकल मागे जाताना बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं, मग रेषा तिरकी पडते आणि आकडा फुगतो. गणित करून बघा, ९.२ चे १०.६ व्हायला सुमारे ३० अंशांचा तिरकेपणा पुरतो. स्क्रीनवर तो डोळ्यांना खटकतही नाही.

कॅलिपर (स्क्रीनवरची मापाची खूण) दोन्ही भिंतींच्या पांढऱ्या रेषांच्या आतल्या कडेवर. बाहेरच्या कडेवर ठेवला की भिंतीची जाडी मापात शिरते. गेन (चित्राचा उजळपणा) जास्त असेल तर रेषा जाड दिसतात आणि उलट माप कमी येतं, म्हणून आधी गेन उतरवा, डोकं झूम करून जवळजवळ अख्खी स्क्रीन भरा, मग कॅलिपरला हात लावा. शिकाऊंची आणखी एक ठरलेली फसगत: या वयात मेंदूचा पदार्थ इतका काळा दिसतो की तेच पाणी वाटतं, आणि व्हेंट्रिकलची बाहेरची भिंत समजून कॅलिपर पार कवटीजवळ जातो. कोरॉइड कुठे टेकलाय ते बघितलं की खरी भिंत सापडते.

स्वच्छ फ्रेम तीन तरी घ्या. चांगल्या-वाईट फ्रेमची सरासरी काढू नका, वाईट फ्रेम पुसून टाका. १० मिमीची मर्यादा १५ आठवड्यांपासून शेवटपर्यंत तीच राहते, गर्भाच्या वयानुसार बदलत नाही.

आणि हो, हे सगळं प्रोबपासून लांबच्या व्हेंट्रिकलबद्दल झालं. जवळची बाजू कवटीच्या रिव्हर्बरेशनमध्ये (हाडावरून उठणाऱ्या प्रतिध्वनींत) धुरकट होते, म्हणून बरेच जण 'दुसरीही तशीच असणार' असं गृहीत धरतात. धरू नका. आईला कुशीवर वळवा, थोडं थांबा, किंवा प्रोब तिरपा करून कवटीच्या सांध्यातून आत बघा. डोकं खाली असेल तर योनिमार्गाच्या प्रोबने मेंदू कितीतरी स्पष्ट दिसतो.

प्रोबधारी

मध्यरेषा यांच्याशी सहमत. (आ) बद्दल माझं म्हणणं असं की १०.६ हे निदान नाही, पुढे शोधायला लागायचं निमित्त आहे. सोबत काही सापडतं का, यावर सगळं ठरतं.

पहिला सीएसपी. १७-१८ आठवड्यांनंतर तो दिसायलाच हवा. नसेल तर कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पट्टा) नसणं किंवा होलोप्रोसेनसेफली (मेंदू दोन अर्धांत नीट न विभागणं) डोक्यात आली पाहिजे. पण 'दिसला' असं म्हणताना फॉर्निक्स (त्याच्या खालचा तंतूंचा पट्टा) तर बघितला नाही ना, याची खात्री करा. सीएसपी म्हणजे दोन रेषा आणि मध्ये पाणी, छोट्या डबीसारखा. फॉर्निक्स जरा खालच्या प्लेनमध्ये येतो आणि तीन समांतर रेषा दाखवतो. तीन रेषा दिसल्या तर प्रोब किंचित वर सरकवा. कॅलोसम नसताना व्हेंट्रिकल पुढे बारीक आणि मागे फुगीर, अश्रूच्या थेंबासारखं होतं. त्यामुळे माप १०-११ असलं तरी आकार बघून शंका यायला हवी. शंका आली की सॅजिटल (बाजूने घेतलेला उभा छेद) चित्र आणि कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणारा मोड): कॅलोसमवरून जाणाऱ्या पेरिकॅलोसल धमनीची कमान पूर्ण आहे की तुटक, ते दिसतं.

दुसरा पोस्टीरिअर फोसा (कवटीचा मागचा खालचा भाग). सेरिबेलमची रुंदी मिमीमध्ये साधारण आठवड्यांइतकी, म्हणजे इथे २० च्या आसपास. सिस्टर्ना मॅग्ना (सेरिबेलममागची पाण्याची जागा) २ ते १० मिमी. सेरिबेलम केळ्यासारखं वाकलेलं, सिस्टर्ना मॅग्ना बुजलेली आणि कवटी कपाळाकडे लिंबासारखी चेपलेली असेल तर पाठीच्या कण्यात उघडा स्पायना बिफिडा (कणा मागून न मिटणं) शोधायचा. निकोलायड्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली या लिंबू-केळ्याच्या खुणा मांडल्या आणि तेव्हापासून कण्याची तपासणी खरं तर डोक्यातून सुरू होते. नुसतं लिंबू निरोगी गर्भातही कधी कधी दिसतं आणि २४ आठवड्यांनंतर खऱ्या आजारातही नाहीसं होतं. केळं आणि बुजलेली सिस्टर्ना जास्त विश्वासाची. याउलट सिस्टर्ना मॅग्ना मोठी वाटली तर आधी प्रोबचा कोन तपासा. जास्त उभा कापलात की ती खोटी मोठी दिसते.

कणा आडव्या छेदात मानेपासून माकडहाडापर्यंत सलग बघायचा. मागचे दोन हाडांचे ठिपके एकमेकांकडे झुकलेले हवेत, फाकलेले नकोत, आणि वरची त्वचेची रेषा अखंड हवी. पाठ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असेल तर ती रेषा दिसतच नाही. मग पेशंटला फेरफटका मारायला पाठवून पुन्हा बघावं लागतं, दुसरा इलाज नाही.

तिसरं, संसर्ग. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांत व्हेंट्रिकलभोवतीची किनार उजळ दिसणं, मेंदूत किंवा यकृतात कॅल्शियमचे ठिपके, पोटात पाणी, वाढ मागे पडणं, आतडं उजळ दिसणं यातलं काहीही सापडू शकतं. 'उजळ आतडं' लिहिण्याआधी हार्मोनिक (चित्र उठावदार करणारं सेटिंग) बंद करा आणि कंबरेचं हाड त्याच फ्रेममध्ये घेऊन गेन हळूहळू उतरवा. आतडं हाडाच्या आधी मावळलं तर ते उजळ नाही.

मग चेहरा, हात-पाय, मूत्रपिंडं, नाळेच्या धमन्या. आणि हृदय, ते सगळ्यात शेवटी घाईत उरकू नका.

शंकासुर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. हृदयाबद्दल पोटप्रश्न: चार कप्पे व्यवस्थित दिसले तर पुरे का? आणि ॲपिकल चित्रात (हृदयाच्या टोकाकडून बघताना) डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या वरच्या टोकाला जवळजवळ दर वेळी भोक असल्यासारखं दिसतं, त्याचं काय करायचं?

प्रोबधारी

पुरे नाही. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल, म्हणजे ट्रान्सपोझिशन, यात चार कप्पे बिनचूक दिसू शकतात. म्हणून दोन्ही आउटफ्लो (हृदयातून रक्त बाहेर नेणारे मार्ग) आणि थ्री-व्हेसल (छातीच्या वरच्या भागातल्या तीन वाहिन्यांचं) चित्र हवंच. निरोगी हृदयात दोन्ही वाहिन्या निघताना एकमेकींना ओलांडतात. ट्रान्सपोझिशनमध्ये त्या समांतर जातात आणि थ्री-व्हेसलच्या जागी बहुधा दोनच दिसतात. पोटाच्या आडव्या छेदापासून सुरू करून प्रोब न उचलता डोक्याकडे सरकवत नेला तर पाचही चित्रं ओळीने मिळतात: जठर डावीकडे, चार कप्पे, डावा आउटफ्लो, उजवा आउटफ्लो, तीन वाहिन्या आणि श्वासनलिका. हृदयाचा अक्ष डावीकडे ४५ अंश, २० इकडेतिकडे चालेल. हृदयाने छातीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा.

तुम्ही म्हणता ते भोक बहुतेक वेळा खोटं असतं. ॲपिकल चित्रात बीम पडद्याला समांतर जातो, पातळ भागावरून परत काहीच येत नाही आणि तिथे पोकळी दिसते. बाजूने बघा, बीम पडद्याला काटकोनात पडू द्या. भोक तिथेही दिसलं, कडेला उजळ टोक असलं आणि कलर आरपार गेला तर खरं माना. सेटिंग: सेक्टर अरुंद, डेप्थ कमी, फोकस एकच, पर्सिस्टन्स (आधीच्या फ्रेम मिसळणं) कमी, म्हणजे फ्रेम रेट वाढतो. कलरचा स्केल मोठ्या वाहिन्यांसाठी ५० सेमी प्रति सेकंदाच्या वर, पल्मनरी व्हेनसाठी १० ते २० वर उतरवा, नाहीतर त्या दिसणारच नाहीत.

काठावरचा

(इ) बद्दल. 'आयसोलेटेड' (सोबत दुसरा दोष नसलेलं) हा शब्द सांभाळून वापरा. सगळं बघून झालं आणि काहीच सापडलं नाही, तरच तो लिहायचा हक्क आहे. हृदय नीट दिसलं नसेल तर 'हृदयाची उजवी आउटफ्लो दिसली नाही, बाळ पाठ वर करून होतं' असं सरळ लिहा आणि पुन्हा बोलवा. न दिसलेली गोष्ट 'नॉर्मल' म्हणून छापणं हा या कामातला सगळ्यात महाग शॉर्टकट.

रिपोर्टात दोन्ही बाजूंचं माप वेगवेगळं, प्लेनचं नाव, सीएसपी, सेरिबेलम, सिस्टर्ना मॅग्ना आणि कणा यांच्या नोंदी, एवढं तरी हवं. १० ते १२ मिमी सौम्य, १२ च्या पुढे १५ पर्यंत मध्यम, १५ च्या वर तीव्र. ही वर्गवारी सल्ल्यासाठी उपयोगी आहे, कारण खरोखर एकट्या, सौम्य प्रकारात ९० टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ सर्वसाधारण होते. हे वाक्य आईवडिलांना तुमच्या तोंडून ऐकू द्या, मोबाइलवरून नको.

त्याच वेळी, एकट्या वाटणाऱ्या सौम्य प्रकारातही साधारण ५ टक्क्यांत गुणसूत्रांचा दोष निघतो. म्हणून गर्भजल तपासणी १५ आठवड्यांनंतर करता येते हे सांगायचं. करायची की नाही हा निर्णय त्यांचा. केली तर मायक्रोॲरेसोबत (गुणसूत्रांची बारीक तपासणी) त्याच पाण्यात सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्माचा पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी चाचणी) मागवा. सीएमव्हीसाठी २०-२१ आठवड्यांनंतरचं आणि आईच्या संसर्गानंतर किमान ६ ते ८ आठवडे उलटून गेल्यावर घेतलेलं पाणी भरवशाचं. त्याआधीचा निगेटिव्ह निकाल फसवा असू शकतो.

पुढची सोनोग्राफी ४ आठवड्यांनी. माप वाढतंय की जागच्या जागी आहे, हे पहिल्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. एमआरआय लागला तर २८ ते ३२ आठवड्यांत जास्त माहिती मिळते, कारण मेंदूच्या घड्या तोवर ओळखता येतात. अर्थात निर्णय त्याआधी घ्यायचा असेल तर तेवढं थांबता येणार नाही, आणि २२-२३ आठवड्यांच्या एमआरआयवरच भागवावं लागतं.

मध्यरेषा

काठावरचा यांना एक पुरवणी, आणि थोडा मतभेद. आयसोलेटेड लिहा, पण त्याला तारीख लावा: 'आजच्या तपासणीत'. काही दोष २० आठवड्यांना अस्तित्वातच नसतात किंवा दिसण्याइतके झालेले नसतात. अकॉन्ड्रोप्लेजियात (हाडं आखूड राहून येणाऱ्या ठेंगणेपणात) मांडीचं हाड बहुधा २४ आठवड्यांच्या आसपास किंवा त्यानंतर मागे पडतं. ड्युओडिनम (लहान आतड्याचा पहिला भाग) बंद असल्याचा दुहेरी फुगा साधारण २४ नंतर दिसतो. लिसेनसेफली (मेंदूला घड्या न पडणं), मायक्रोसेफली (डोकं लहान राहणं) आणि महाधमनीचं कोआर्क्टेशन (अरुंद होणं) हीही उशिरा उघडी पडणारी मंडळी. नुसता मागचा टाळू दुभंगलेला असेल तर तो शेवटपर्यंत हुकू शकतो.

दुसरं म्हणजे २० आठवड्यांची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून डाउन सिंड्रोम नाही, असं कुणी तोंडी आश्वासन देऊ नये. कित्येक डाउन गर्भांत या वयात काहीच दिसत नाही. तो अंदाज ११ ते १३ आठवडे ६ दिवसांच्या टप्प्यावर, सीआरएल (गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) ४५ ते ८४ मिमी असताना, एनटी (मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी) आणि रक्ततपासणी मिळून जास्त चांगला लागतो: सुमारे ९० टक्के गर्भ ओळखले जातात, ५ टक्के खोट्या धोक्याच्या सूचना धरून. एनटी ३.५ मिमी किंवा त्याहून जास्त असेल आणि गुणसूत्रं निर्दोष निघाली, तरी गर्भाचा स्वतंत्र इको (हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) करायचाच.

कोरॉइडमधली गाठ किंवा हृदयातला उजळ ठिपका एकटाच असेल आणि आधीची चाचणी कमी जोखमीची असेल, तर त्यावरून सुई टोचायचं कारण नाही. काही रिपोर्टांत असे ठिपके ठळक अक्षरांत छापलेले असतात. ते बंद व्हायला हवं.

प्रोबधारी

जाता जाता, आईचं वजन जास्त असेल आणि चित्र उठतच नसेल तर दोन उपाय. आईला कुशीवर वळवून पोटाच्या कडेने, चरबी पातळ असते तिथून बघा. किंवा नाभी जेलने भरून योनिमार्गाचा प्रोब तिथे टेकवा, विशेषतः हृदयासाठी चांगली खिडकी मिळते. ॲब्डॉमिनल प्रोब ३ मेगाहर्ट्झच्या आसपास उतरवा, खोलीवर पोचण्यासाठी बारकाई थोडी सोडावी लागते. आणि दिसत नाही म्हणून आउटपुट पॉवर चढवत बसू नका. आधी गेन, फोकस, डेप्थ. थर्मल इंडेक्स (ऊती किती तापू शकतात याचा स्क्रीनवरचा आकडा) ०.७ च्या आत ठेवला तर तासभर शोधलं तरी चिंता नाही. पहिल्या तिमाहीत ठोके बघायला पल्स्ड डॉपलर (एकाच जागी जास्त ऊर्जा टाकणारा मोड) लावू नका, एम-मोड (हालचालीचा आलेख काढणारा साधा मोड) पुरतो.