टेस्टिंगमधून एम्बेडेड / ओएसकडे वळायचंय, कुठून सुरू करू? सल्ला हवाय

झोपाळू_मांजर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी २०२१ ची ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), सांगलीकडचं कॉलेज. कॅम्पसमधून एका आयटी कंपनीत लागले, ट्रेनिंगमध्ये जावा शिकवलं आणि मग टेस्टिंगला टाकलं ते आजपर्यंत तिथेच. काम वाईट नाहीये पण रोज तेच स्क्रीन, तेच बटण, तोच एक्सेलचा तक्ता. कॉलेजात मला मायक्रोकंट्रोलर मनापासून आवडायचा, फायनल इयरला ८०५१ चिपवर पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर केला होता (म्हणजे प्रोग्राम मी केला, बाकीच्या तिघांनी ब्लॅक बुक 😀). आता पुण्यात आहे आणि एम्बेडेड (यंत्राच्या आत बसणाऱ्या चिपचं प्रोग्रामिंग) किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएसच्या) कामात शिरायचंय.

एका क्लासवाल्याने लाखाच्या वर फी सांगितली, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतो. जावं का? दुसरं म्हणजे मायक्रोकंट्रोलरचं शिकू की लिनक्स कर्नलचं (म्हणजे त्या ओएसच्या गाभ्याचं), मला दोन्हीतला फरक नीट कळत नाहीये. आणि चार वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाला कोणी घेतं का? घरी अजून सांगितलेलं नाही, कारण घरी सध्या वेगळ्याच विषयाची बोलणी चालू आहेत.

तपकीरगल्ली
रुमाल टाकून ठेवतो. पोराला दाखवायचाय धागा.

रंकाळ्याचा_राजा
मांजरताई, १०० टक्के प्लेसमेंट म्हणजे काय ते आधी इचारून घ्या. माझ्या मावसभावानं असाच एक क्लास केला, नोकरी लागली खरी पण कशाची, तर सीसीटीव्ही बसवायची. त्यो पण एम्बेडेडच म्हणतोय आता 😂 फी भरायची असंल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा डेस्डी म्हंजे एम्बेडेडचा डिप्लोमा बघा, सी-कॅट प्रवेश परीक्षा द्यावी लागती, वर्षाला दोन बॅचेस असत्यात. पण सहा महिने फुल टाइम, नोकरी सोडावी लागंल.

झोपाळू_मांजर
@रंकाळ्याचा_राजा नोकरी सोडणं आत्ता शक्य नाहीये, होम लोनमध्ये बाबांसोबत माझंही नाव आहे :(

बाळासाहेब_बिटवाले
मग नका सोडू. मी १८ वर्षं याच धंद्यात आहे, चिंचवडला एका छोट्या कंपनीत सुरुवात केली, आता माणसं निवडायच्या बाजूला बसतो. सीडॅकला नावं ठेवणार नाही, तिथून आलेली चांगली पोरं बघितलीत, पण त्याचा खरा फायदा फ्रेशरला, ज्याला कॅम्पस मिळत नाही त्याला. तुम्हाला पगार चालू आहे आणि रोज संध्याकाळचे दोन तास आहेत, ते पुरे.

आधी फरकाचं सांगतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे सगळं एका चिपमध्ये, मेमरी किलोबाइटात. ब्लू पिल नावाचा बोर्ड मिळतो, त्यावरच्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम आणि जास्तीत जास्त ७२ मेगाहर्ट्झ. तिथे एकतर नुसता व्हाइल लूप असतो किंवा फ्रीआरटीओएससारखी छोटी ओएस, जी म्हणजे खरं तर शेड्यूलर (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा), क्यू, सेमाफोर आणि टायमर एवढंच, तुमच्याच प्रोग्रामबरोबर कम्पाइल होते. दुसरीकडे बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घ्या, ५१२ एमबी रॅम, वर अख्खं लिनक्स. तिथलं काम म्हणजे बूटलोडर (लिनक्सला उठवणारा प्रोग्राम), डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे याची यादी), ड्रायव्हर, योक्टो (स्वतःचं लिनक्स बांधायचं साधन). दोन्हीला एम्बेडेड म्हणतात, पण रोजचं काम वेगळं. सुरुवात छोट्या चिपपासून करा, कारण तिथे लपायला जागा नसते. लिनक्समध्ये ड्रायव्हर चालला नाही तर चूक माझी की खाली कोणाची हे कळायलाच आठवडा जातो.

आता जे सगळेच चुकतात ते सांगतो. इंटरव्ह्यूला येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या रेझ्युमेवर एलईडी ब्लिंक, तापमान सेन्सर, ब्लूटूथ कार आणि स्मार्ट डस्टबिन असतं, स्मार्ट डस्टबिन तर आता मला स्वप्नात येतो. मी विचारतो, हे बनवताना काय बिघडलं होतं आणि कसं शोधलंत? शांतता. कारण लायब्ररी टाकली, चाललं, फोटो काढला. एकच गोष्ट करा पण तळापर्यंत करा. एक एलईडी लावा, पण चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीची तयार हॅल लायब्ररी न वापरता, रेफरन्स मॅन्युअल उघडून, रजिस्टरचा (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्याचा) पत्ता स्वतः शोधून. मग स्टार्टअप कोड आणि लिंकर स्क्रिप्ट (मेमरीत काय कुठे बसेल ते सांगणारी फाइल) स्वतः लिहा, मेन फंक्शनच्या आधी काय होतं ते कळेल. मग युआर्ट (कॉम्प्युटरशी बोलायचं सिरियल पोर्ट). मग इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरीकडे वळवणारा सिग्नल). मग दोन टास्कमध्ये आलटून पालटून जाणारा स्वतःचा छोटा शेड्यूलर, दीडदोनशे ओळींचा होतो, पण तो लिहिलेला माणूस मी समोर बसल्या बसल्या ओळखतो.

आणि टेस्टिंगची लाज नका वाटू देऊ. आमच्याकडे एक वीजमीटर वाचणारा डबा होता, गावोगावी बसवलेला. दर सात आठवड्यांनी त्यातले काही डबे मुके व्हायचे. लाइनमन बंदचालू करायचा की परत सुरू, त्यामुळे वर्षभर सगळे नेटवर्कलाच शिव्या देत होते. शेवटी ज्या मुलीने धरलं ती टेस्टिंगचीच, तिने तारखा मांडल्या आणि म्हणाली हे ४९ दिवसांनीच होतंय. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी भरून परत शून्यावर येतो. आमच्या कोडात ‘आत्ताची वेळ ही शेवटची वेळ अधिक टाइमआउटपेक्षा मोठी आहे का’ अशी तुलना होती, आणि डबा नेमका त्या क्षणी मोडेमशी बोलण्यात अडकलेला असला की काउंटर उलटून जायचा आणि ती अट पुढचे सात आठवडे खरीच व्हायची नाही. आत्ताच्या वेळेतून शेवटची वजा करून मग तुलना केली असती तर काही झालं नसतं. एका ओळीची चूक. आम्हीच नाही, २०१५ ला बोइंग ७८७ बद्दल अमेरिकेच्या एफएएने आदेश काढला होता की सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरची कंट्रोल युनिट्स काउंटर भरून बंद पडू शकतात. सेकंदाचा शंभरावा भाग ३१ बिटांत मोजून बघा, २४८ दिवसच येतात.

तपकीरगल्ली
बाळासाहेब, कडक. सामानाचं मी सांगतो, माझं दुकान नाही पण तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पडीक असतो. ब्लू पिल स्वस्त आहे पण नकली चिप लावलेले भरपूर फिरतात, एकदा माझे तीन दिवस गेले त्यात, तेव्हा परवडत असेल तर न्यूक्लिओ बोर्ड घ्या, त्यात डीबगर (कोड थांबवून चूक शोधायचं साधन) बोर्डवरच असतो. रास्पबेरी पाय पिको पण छान आहे, दोन कोर आणि २६४ केबी रॅम, फक्त मायक्रोपायथनच्या नादी लागू नका, सी मध्येच करा. बाकी मल्टिमीटर, यूएसबी टू सिरियल आणि ते वायरवरचे सिग्नल टिपणारं आठ चॅनलचं स्वस्तातलं लॉजिक अ‍ॅनलायझर, पल्सव्ह्यू सॉफ्टवेअर फुकट आहे. ओसिलोस्कोप आत्ता नको. बुधवार पेठेत जाणार असाल तर रविवार सोडून जा, आणि गाडी लांब लावा.

कर्नलपॅनिक
बाळासाहेबांशी अर्धा सहमत. छोट्या चिपपासून सुरू करा हे ठीक, पण तिथेच राहू नका. ओएस म्हणजे काय हे आरटीओएसवर (फ्रीआरटीओएससारख्या छोट्या ओएसवर) कळत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा व्हर्च्युअल मेमरीच (प्रत्येक प्रोग्रामला आपली वेगळी मेमरी दाखवायची सोय) नसते, एक टास्क दुसऱ्याच्या मेमरीत घुसला तरी कोणी अडवत नाही (काही चिपमध्ये एमपीयू हा मेमरीचा राखणदार असतो, पण तो चालू केलेला मी क्वचितच पाहिलाय). प्रोसेस, पेज टेबल, सिस्टम कॉल हे शिकायचं तर एक्सव्ही६ घ्या. एमआयटीने शिकवण्यासाठी जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरून बेतलेली ओएस आहे, आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते, पुस्तक आणि लॅब सगळं फुकट, बोर्डही लागत नाही, क्यूईएमयू या आभासी यंत्रात चालतं. काही हजार ओळींचा कोड आहे, महिन्याभरात अख्खा वाचून होतो. लॅब मात्र प्रामाणिकपणे करा, कॉपी-ऑन-राइटची लॅब (फोर्क म्हणजे प्रोसेसची नक्कल करताना मेमरी लागेल तेव्हाच कॉपी करायची) मला तीन रविवार पुरली, बायको म्हणाली घटस्फोट घे आणि त्या फोर्कशीच लग्न कर.

त्यानंतर लिनक्स. पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) ईमेलनेच पाठवायचा असतो, गिट सेंड-ईमेल, चेकपॅच, गेट-मेंटेनर ही स्क्रिप्टं शिकून घ्या. माझा पहिला पॅच कमेंटमधल्या स्पेलिंगचा होता आणि तोही दोनदा परत आला. लाजायचं नाही. आणि ‘लिनक्स रिअल टाइम नाही’, म्हणजे ठरल्या वेळेत काम होईलच याची हमी देत नाही, हे जे जुने लोक सांगतात ते आता तसंच म्हणता येत नाही, प्रीएम्प्ट-आरटी हे लिनक्सला रिअल टाइम करणारं काम वीस वर्षं बाहेर राहून २०२४ मध्ये ६.१२ च्या वेळी मुख्य कर्नलमध्ये आलं.

बाळासाहेब_बिटवाले
@कर्नलपॅनिक ‘जुने लोक’ म्हणजे मीच ना 😀 मान्य. पण पुण्यातल्या नोकऱ्या बघा, शुद्ध कर्नलच्या थोड्या आणि बहुतेक ठिकाणी अनुभव मागतात. आधी पाय आत टाकू दे तिला.

स्टुटगार्टची_वहिनी
मी गाड्यांच्या बाजूची, पुण्यात सहा वर्षं आणि इथे पाच. पुण्यात एम्बेडेड म्हटलं की निम्मं तरी गाड्यांचंच, त्यामुळे कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरांनी आपसात बोलायची पद्धत, शिकूनच घे (बॉशने १९८६ ला आणला, अजून हलला नाही), डायग्नोस्टिक्ससाठी (गाडीतला बिघाड वाचायला) यूडीएस आणि सी लिहिताना मिस्राचे सुरक्षित कोडचे नियम काय म्हणतात ते. आणि तुझं टेस्टिंग इथेच कामाला येईल. एचआयएल टेस्टिंग म्हणून प्रकार असतो, खरा ईसीयू (गाडीतला कंट्रोलर) आणि समोर खोटी गाडी, त्याला टेस्टिंगचा अनुभव आणि ईएनटीसी दोन्ही लागतं. त्या दारातून शिरून दोन वर्षांत डेव्हलपमेंटला गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत.

एक मात्र सांगते, ऑटोसारच्या (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं स्टँडर्ड) नावाने जे जॉब येतात त्यात नीट विचार की काम काय. काही ठिकाणी तीन वर्षं डाविंची नाहीतर ट्रेसॉस या टूलमध्ये खिडक्या उघडून चौकोनात टिकमार्क करायच्या आणि कोड जनरेट करायचा, एवढंच. माझं पहिलं दीड वर्ष तेच होतं. मग इंटरव्ह्यूला गेले तर समोरच्याने म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारं कुलूप) आणि बायनरी सेमाफोरमधला फरक विचारला, पाठ होता, सांगितला. मग म्हणाला पाथफाइंडरचं काय झालं होतं? नाव ऐकलं होतं, पुढे काही नाही. घरी येऊन वाचलं. १९९७ ला मंगळावर उतरलेलं यान मधेच रिसेट व्हायचं. हवामानाची माहिती गोळा करणारा हलका टास्क म्युटेक्स धरून बसलेला, बस सांभाळणारा जास्त प्रायॉरिटीचा टास्क त्याची वाट बघतोय, आणि मधल्या प्रायॉरिटीचा टास्क हलक्याला पुढे सरकूच देत नाही, शेवटी वॉचडॉग (काम वेळेत झालं नाही तर यंत्र रिसेट करणारा राखणदार) म्हणतो काहीतरी अडलंय, रिसेट. त्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तसंच घडवून आणून पकडलं आणि म्युटेक्सचं प्रायॉरिटी इन्हेरिटन्स चालू केलं, म्हणजे कुलूप धरलेल्या हलक्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी मिळते. आता मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा विचारते, समजा तुला फक्त ‘अधूनमधून रिसेट होतं’ एवढंच माहीत आहे, तर पहिल्या दिवशी काय करशील? उत्तर चुकलं तरी चालतं, कुठून सुरुवात करते ते बघायचं असतं.

रंकाळ्याचा_राजा
वहिनी लै भारी. आमच्यात वॉचडॉग म्हंजे आमची आज्जी.

झोपाळू_मांजर
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं, त्याने लगेच फी कमी केली 🙄 घाईत आधीच ब्लू पिल मागवून बसले होते, ती कालच आली. पगाराचं कोणी बोललं नाही, तेवढं सांगाल का?

स्टुटगार्टची_वहिनी
पहिल्या उडीत वाढ होईल असं धरू नकोस, मी तेवढ्याच पगारावर बदलला होता. त्यानंतरच्या उडीत भरून निघालं. आणि तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असेल तर आत्ताच एचआरला विचार बायआउट (पैसे भरून लवकर सुटणं) आहे का, छोट्या कंपन्या तीन महिने थांबत नाहीत.

झोपाळू_मांजर
धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले. एलईडी हॅलशिवाय लागला!! दोन दिवस लागतच नव्हता कारण एलईडी ज्या पोर्ट सी वर आहे त्याचं क्लॉकच चालू केलं नव्हतं, मॅन्युअलमध्ये होतं पण हजारावर पानं आहेत हो ती. आता युआर्टवर अडकलेय. ११५२०० बॉड रेटसाठी (सेकंदाला तेवढे बिट) ७२ मेगाहर्ट्झ भागिले ११५२०० म्हणून बीआरआर रजिस्टरमध्ये ६२५ टाकलं, पण टर्मिनलवर नुसता कचरा येतोय. वायर बदलल्या, ग्राउंड जोडलेलं आहे, दुसरं यूएसबी सिरियलही लावून बघितलं.

बाळासाहेब_बिटवाले
७२ मेगाहर्ट्झ तुम्ही चालू केलात का? पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारा चिपमधला भाग) लावायचा कोड लिहिलाय?

झोपाळू_मांजर
नाही… तो आपोआप असतो ना?

बाळासाहेब_बिटवाले
हॅलच्या तयार उदाहरणांत तो कोड लिहिलेला असतो, इथे तो तुम्हालाच लिहायचाय. रिसेटनंतर ही चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर उठते. ८० लाख भागिले ६२५ करा, १२८०० येतात. आत्ता कोडला हात लावू नका, टर्मिनल १२८०० वर ठेवा आणि काय दिसतं सांगा.

झोपाळू_मांजर
हॅलो आलं!!! रात्रीचे पावणेएक वाजलेत आणि रूममेटला उठवून दाखवलं, ती म्हणाली छान आहे, लाइट घालव. उद्या पीएलएल.

तपकीरगल्ली
फ्लॅश वेट स्टेट (फ्लॅश वाचताना थांबायचे ठोके) दोन करा मग ७२ ला न्या, नाहीतर परवा परत धागा वर येईल 😀