गरोदरपणातला मुतखडा: स्टेंट घालून थांबायचं की दुर्बिणीने काढून टाकायचा?

कातळसडा: सहावा महिना, मूत्रनलिकेत ७ मिमीचा खडा, ताप नाही, पण औषधाने कळ थांबत नाही. अशा वेळी आपल्याकडे सरसकट डीजे स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी मूत्रनलिकेतली बारीक नळी) घालतात आणि ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणतात. मला हे पटत नाही. गरोदरपणी लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, स्टेंटवर क्षार चढतात. म्हणून तो दर ४ ते ६ आठवड्यांनी बदलावा लागतो. देवगड-मालवणच्या बाईने ऐन पावसात दर खेपेला घाट चढून कोल्हापूर गाठायचं? त्यापेक्षा दुसऱ्या तिमाहीतच युरेटेरोस्कोपी करून, म्हणजे लघवीच्या वाटेने मूत्रनलिकेत दुर्बीण घालून, होल्मियम लेझरने खडा फोडावा.

बावनदी: आधी खडा आहे हे तरी ठरवा! गर्भाशय उजवीकडे कलतं, त्यामुळे उजवी किडनी खड्याशिवायही फुगलेली दिसते. ही फूग बहुधा कटीच्या कडेशी, म्हणजे नलिका ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत उतरते तिथे, थांबते. त्याखालीही नलिका रुंद असेल तर संशय घ्या. मूत्राशय भरलेलं ठेवून, बाईला डाव्या कुशीवर निजवून डॉप्लरवर (प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) उजव्या नलिकेतून येणारा लघवीचा फवारा बघावा. अगदी खालच्या टोकाचा खडा पोटावरून सुटतो, तो योनीमार्गे सोनोग्राफीत सापडतो. तरीही उलगडा झाला नाही तर गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून द्यायच्या रंगद्रव्याशिवाय) एमआरआय. कमी मात्रेचं सीटी अगदी शेवटी.

कातळसडा: मान्य. आणि सोनोग्राफी किडनीची असली तरी बाई गरोदर आहे, गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा फॉर्म एफ भरावाच लागतो. पण माझा प्रश्न निदान पक्कं झाल्यावरचा आहे.

तिठा: तुमचा हिशेब घाटाचा आहे, भुलीचा नाही. दुर्बिणीसाठी सरावलेला युरोलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात कक्ष एकाच छताखाली हवेत. मुदतपूर्व कळा सुरू झाल्या तर तालुक्याला काय करणार? बहुतेक खडे आपोआप पडतात. पॅरासिटामॉल द्या. डायक्लोफेनॅकची सुई सवयीने टोचू नका: २० आठवड्यांनंतर गर्भजल कमी होऊ शकतं, पुढे बाळाच्या हृदयाजवळची डक्टस ही रक्तवाहिनी अकाली आकसते. कुळथाची पिठी जेवणात खुशाल खा, पण ऐन कळेत तांब्याने पाणी ढोसल्याने खडा ढकलला जात नाही, ताण मात्र वाढतो.

बावनदी: ताप-थंडी असेल तर हा वादच नाही. लेझर नको, अडलेली लघवी त्याच दिवशी मोकळी करा, स्टेंटने नाहीतर पाठीतून नळी घालून. बाहेरून धक्कालहरींनी खडा फोडायची लिथोट्रिप्सी गरोदरपणी वर्ज्यच.

कातळसडा: तापाबद्दल दुमत नाही. पण तिठा, तुमची चौकडी जिथे जमते तिथेच स्टेंटही घालतात ना? मग बाई तिथवर पोचलीच आहे, तर तिला अर्ध्या उपायावर परत का पाठवायचं?