मार्क पॅटिसन: श्रद्धा गेली, तरी पाद्रीपद का ठेवलं?

कोरापान:
ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, मार्क पॅटिसन (१८१३–१८८४) याला लोक ढोंगी म्हणतात, मला ते मान्य नाही. बाप यॉर्कशायरमधल्या हॉक्सवेलचा पाद्री. त्या काळी कॉलेजात फेलो, म्हणजे कायम सदस्य-अध्यापक, म्हणून टिकायचं तर बहुतेकांना पाद्रीपदाची दीक्षा घ्यावीच लागे. १८४३ साली हाही पाद्री झाला. पुढे श्रद्धा आटत गेली, झगा अंगावर राहिला. ग्रीक-लॅटिन ग्रंथांत आयुष्य घालवायचं तर जाणार कुठे?

जुनीवही:
थांबा. दीक्षा घेताना त्याच्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. तेव्हा तो ऑक्सफर्डमधल्या धर्मचळवळीचा पुढारी न्यूमन याच्या पुरता भजनी लागला होता, त्याच्या उपक्रमात मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसचं भाषांतरही केलं. अडचण नंतरची, आणि ती पोटाची. १८७० च्या कायद्याने पाद्रीपद रीतसर सोडता येऊ लागलं. असाच श्रद्धा गमावलेला पाद्री-लेखक लेस्ली स्टीफन, त्याने तर केंब्रिजमधली ट्यूटरची जागा १८६२ मध्येच सोडली, १८७५ मध्ये पाद्रीपदही. पॅटिसन मरेपर्यंत रेक्टर!

कोरापान:
त्याच १८७५ मध्ये पॅटिसनने लिहिलेलं इझॅक कॅसोबाँचं चरित्र आलं. कॅसोबाँ हा सोळाव्या-सतराव्या शतकातला ग्रीकचा थोर पंडित. आपल्या लॅटिन रोजनिशीत तो देवाला आळवतो, आणि भेटायला आलेल्यांनी वाचनाचे तास खाल्ले म्हणून तळमळतोही. पॅटिसनने ती तळमळ किती आपुलकीने टिपली आहे! खुर्ची उबवणाऱ्या माणसाला असं लिहिता येत नाही हो.

जुनीवही:
पुस्तक उत्तम आहे, ते मी कधी नाकारलं? पण चांगलं लिहिलं म्हणून न मानलेल्या धर्माच्या पदावर बसण्याचा हक्क मिळतो का?

नदीकाठ:
दोघांच्याही बोलण्यातून १८६० सुटलं. पारंपरिक धर्मसमजुतींची मोकळी चिकित्सा करणाऱ्या ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या गाजलेल्या संग्रहात पॅटिसनचा लेख होता. त्यातल्या दोन पाद्री लेखकांवर धर्मन्यायालयात खटले झाले, १८६४ मध्ये ते सुटले. म्हणजे उघडपणे लिहिण्याचा धोका यानेही पत्करला होता.

जुनीवही:
पत्करला, कबूल. पण शेवटच्या आजारपणात सांगून लिहवून घेतलेल्या आठवणी बघा. १८५१ मध्ये रेक्टरपद हुकलं, त्याचं दुःख पानंच्या पानं आहे. आणि आठवणी थांबतात १८६० च्या सुमाराला. १८६१ मध्ये रेक्टर झाल्यानंतरच्या तेवीस वर्षांवर त्यात काहीच नाही. मला तेच वाचायचं होतं.