क्लबहाउसचा मोठा पंखा: तपासणी होईपर्यंत लावू नका

डी-१०२: नमस्कार. काल अथर्वशीर्षाच्या सरावाला हॉलमध्ये होते. मोठा पंखा सुरू होताना दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येतो. वेग वाढला की थांबतो. खाली मुलं बसतात म्हणून लिहितेय.

बी-६०३: मीही ऐकलाय. वायरमनला सांगून ग्रीस मारून घेऊ, तासाभराचं काम.

ए-२०१: ग्रीसनं भागणार नाही. मी चाकणला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, शेडमध्ये असेच पंखे होते. असा आवाज बहुतेक वेळा हबच्या (पाती जोडलेल्या मधल्या भागाच्या) सैल बोल्टचा नाहीतर ढिल्या पडलेल्या ताणतारेचा (पंख्याला धरून ठेवणाऱ्या तारेचा) असतो. वेगात पातं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, त्यामुळे सैल सांधा वाजत नाही इतकंच. सैल तो राहतोच. कृपया आजपासून पंखा बंद ठेवा.

सी-७०४: काका, पण तो किती सावकाश फिरतो! घरचा पंखा त्याच्या चौपट पळतो.

ए-२०१: ताई, तो सावकाश दिसतो. आपला पंखा १६ फूट व्यासाचा आहे. एका फेऱ्यात पात्याचं टोक १५ मीटरपेक्षा जास्त अंतर कापतं. मिनिटाला ८० फेरे धरले तर टोकाचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर जातो. म्हणून या पंख्याची तपासणी छतापासून सुरू करायची. वारा कसा येतो ते शेवटी.

सेक्रेटरी: काका, देखभालवाल्यांचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. त्यात फक्त 'ओके' लिहिलंय.

ए-२०१: तेच नको. या वेळी प्रत्येक गोष्टीचा फोटो मागा. पंखा मुख्य गर्डरला टांगलाय की पत्र्याखालच्या पर्लिनला (पत्रा पेलणाऱ्या हलक्या आडव्या पट्टीला), हे आधी बघायचं. मग ब्रॅकेटचे नट-बोल्ट, चारही ताणतारा, त्यांचे टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) आणि क्लॅम्प. सेफ्टी केबल वेगळी असते. मुख्य टांगणी तुटली तर पंखा तिच्यावर अडकतो, म्हणून तीही गर्डरलाच वळसा घालून हवी आणि तिला फाजील ढील नको. पात्यांना मुळाशी तडा आहे का, तेही हात लावून बघायचं.

बोल्ट 'कचकचून' आवळू देऊ नका. जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो किंवा आटे जातात. कंपनीच्या पुस्तकात टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं आवळायचं त्याचा आकडा असतो, तेवढाच जोर टॉर्क रेंचनं (जोर मोजणाऱ्या पान्यानं) द्यायचा. मग नटावरून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करची सरळ रेघ मारायची. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे खालून दुर्बिणीतूनही कळतं.

बी-६०३: बरोबर आहे काका, मला वाटलं घरच्या पंख्यासारखंच असेल. आमच्या वायरमनकडे उंच फोल्डिंग शिडी आहे, ती चालेल?

ए-२०१: नको. चाकाचं स्कॅफोल्डिंग, चाकांना ब्रेक आणि माणसाला बेल्ट. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. व्हीएफडी ड्राइव्हमध्ये (पंख्याचा वेग बदलणाऱ्या डब्यात) वीज गेल्यावरही काही मिनिटं चार्ज राहतो. झाकणावर जेवढी वेळ लिहिलीय तेवढं थांबल्याशिवाय उघडायचं नाही.

डी-१०२: काका, अजून एक. मागच्या गणपतीत फुलांची तोरणं आणि लाइटच्या माळा त्याच तारांना बांधल्या होत्या. मी स्वतः धरून उभी होते.

ए-२०१: बरं झालं सांगितलंत. आवाजाचं मूळ तिथेही असू शकेल. त्या तारा पंखा डुलू नये म्हणून असतात. माळ ओढली की ताण बदलतो आणि सुटलेली माळ पात्यात गेली तर सगळं खाली येईल. त्यांना सुतळीसुद्धा बांधायची नाही.

सी-७०४: पाती पुसायची का? वर चांगलाच थर आहे.

ए-२०१: हो, स्कॅफोल्डिंग लागलंच आहे तर सगळी पाती दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. एकच पुसून बाकीची सोडली तर तोल बिघडतो. मोटरवर पाणी मारू नका.

सेक्रेटरी: ठीक. हॉलच्या बोर्डावर कागद लावलाय आणि एमसीबी खाली केलाय. शनिवारी सकाळी ९ वाजता कंपनीचा माणूस येतोय. काका, तुम्ही खाली उभे राहाल का? आणि फायर अलार्म वाजला की पंखा आपोआप थांबतो का, तेही त्याच वेळी करून बघू.

ए-२०१: येतो. पुस्तक शोधून ठेवा, टॉर्कचा आकडा त्यातच आहे.

डी-१०२: शनिवारपर्यंत सराव आमच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी ७ वाजता. सतरंज्या मी आणते. तोरणांसाठी भिंतीवर नवे हुक लागतील, कोणाकडे ड्रिल मशीन आहे?

बी-६०३: माझ्याकडे आहे. रविवारी येतो.