विमानाने गावी जाताना : तुमचे अनुभव लिहा

सड्यावरची
काल लेकीने शाळेच्या नकाशावर दोरा ताणून मुंबई ते आमचा सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ असं अंतर मोजलं. सरळ साडेतीनशे किलोमीटर. रस्त्याने पाचशेच्या आसपास. आणि मला २०११ आठवलं.
बाबांचं काही खरं नाही असा फोन आला, तेव्हा चिपीला विमानतळ नव्हता. गोव्यातल्या दाबोळी विमानतळाचं तिकीट मिळालं. सव्वाचारशे किलोमीटर हवेतून तासाभरात झाले. पुढचे आमच्या गावापर्यंतचे, परुळ्यापर्यंतचे, रस्त्याचे शंभरेक सरता सरेनात. जुन्या झुआरी पुलावरच पाऊण तास गेला. पोचले तर अंगणात माणसं बसलेली. काकांनी काही न बोलता पायावर घ्यायला पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हाच कळलं.
येताना विमान आमच्याच किनाऱ्यावरून पुढे गोव्याला गेलं होतं, हे अजून डोक्यातून जात नाही. आता चिपीची धावपट्टी आहे त्या सड्यावर, कातळाच्या माळावर, बाबा गुरं न्यायचे. ९ ऑक्टोबर २०२१ला तिथे पहिलं विमान उतरलं ते टीव्हीवर बघून खूप रडले. तुमचेही लिहा.

कुडाळकर
वाचून गलबललं. आमच्या आजीचं असंच झालं, फक्त आम्ही कशेडी घाटात अडकलेलो. भाकरी टाकतेय, रात्री लिहिते.

पंखा_आणि_पंख
मी विमानतळावर काम करतो म्हणून सांगतो. चिपी एवढं जवळ, तरी तिकिटावर सव्वा-दीड तास का दिसतो, तर तो विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा. मुंबईत धावपट्टीसाठी रांग असते, ती त्यातच धरतात. शिवाय चिपीचं विमान एटीआर, म्हणजे पंख्यांचं, ताशी पाचशेच्या आसपास जातं. जेट आठशेने. पण एटीआरचे पंख छतापाशी असतात, त्यामुळे खाली सगळं दिसतं. जाताना उजवी खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला.

मालवणी माणूस
आमका गणपतीक एस्टीच. बोरिवलीसून चौदा तास, मांडयेर पोरगा नि पायाकडे मखराचा सामान. पण ताई, तुझा वाचून डोळ्यांत पाणी इला.

आगळवाली
सावंतवाडी, बांद्याच्या लोकांना आता गोव्यातला मोपा विमानतळ जवळ. २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आम्ही तिथेच उतरतो.
आईचं सुकं खोबरं मात्र मुंबईत तपासणीत काढून ठेवलं. तेल असतं ना, मोठ्या बॅगेत चालत नाही. ती म्हणाली, निदान पोरांना वाटा!

कुडाळकर
@आगळवाली, कोकमाचं आगळ कसं नेतेस? माझी बाटली दरवेळी गळते.

आगळवाली
झाकणाखाली प्लास्टिक, वर रबर, मग जुन्या साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत. साडी जाणार हे धरून चाल.

सड्यावरची
@मालवणी माणूस, देव बरे करो. लेक विचारतेय, आजोबांचं घर विमानातून दिसतं का? @पंखा_आणि_पंख, उतरताना कौलं दिसतील का हो? मे महिन्यात तिला घेऊन जातेय.