कार्निव्हल रोमन, ख्रिस्ती की सरकारी?

तिरकस:
पणजीत किंग मोमोची, म्हणजे कार्निव्हलच्या खोट्या राजाची, गाडी निघाली की दरवर्षी तोच फॉरवर्ड फिरतो. म्हणे कार्निव्हल हा रोमन लोकांचा सॅटर्नेलिया नावाचा सण, चर्चने फक्त नाव बदललं. मला हे अजिबात पटत नाही. सॅटर्नेलिया 17 डिसेंबरला सुरू व्हायचा. फेब्रुवारीतला दुसरा रोमन सण, लुपरकॅलिया, पाचव्या शतकानंतर दिसेनासा होतो. कार्निव्हलचे लेखी उल्लेख मिळू लागतात ते अकराव्या-बाराव्या शतकापासून. मधली पाचशे वर्षं हा सण कुठे दडी मारून बसला होता?

कार्निव्हलचं कारण सरळ आहे. तो ख्रिस्ती उपासाच्या आधीचा सण. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, 40 दिवस उपास. मध्ययुगात त्यात मांसच नव्हे, तर बऱ्याच ठिकाणी अंडी, दूध, लोणीही वर्ज्य होतं. मग घरातली चरबी नि अंडी मंगळवारच्या आत संपवणं आलंच. म्हणून इंग्लंडात त्या दिवशी पॅनकेक, पोलंडात आदल्या गुरुवारी तळलेले पाँच्की. आपली गटारी तरी कशी आली? पुढे श्रावण आहे म्हणून. श्रावण काढून टाका, गटारीला काय अर्थ उरतो?

चित्रकार ब्रुगेलचं 1559 चं चित्र बघा. एक ढेरपोट्या पिंपावर बसलाय, हातातल्या सळईवर डुकराचं मुंडकं. समोर हडकुळी बाई, तिच्या लांब फळीवर दोन मासे. कार्निव्हल आणि उपास यांची झुंज आहे ती. रोमन देव त्यात कुठेही नाही.

फाल्गुनी:
खाण्यापिण्याचं समजलं हो. पण मुखवटे कशाला? बाप्यांनी बायकांचे कपडे घालणं, खोटा राजा बसवणं, मोठ्यांची टर उडवणं, हे चरबी संपवायला लागतं का? सॅटर्नेलियात मालक गुलामांना जेवू घालायचे आणि चेष्टेचा राजा निवडायचे. मोमो हाही ग्रीकांचा थट्टेचा देव. इतकी साम्यं योगायोगाने येत नाहीत. आणि होळी-शिमग्यात आपण तरी दुसरं काय करतो? थंडी सरताना लोक थोडे वेडे होतात. चर्चने त्या वेडाला तारीख दिली, एवढंच.

तिरकस:
मोमो राजा ब्राझीलमध्ये रिओच्या कार्निव्हलला आला तो 1930 च्या दशकात. ती पुस्तकातून उचललेली हौस आहे, हजारो वर्षांची स्मृती नव्हे. वरच्याला खाली बसवावंसं कुठल्याही गावाला वाटतं, त्यासाठी रोमची वंशावळ कशाला?

होळीचं तर पंचांगच वेगळं. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी, त्याच्या 47 दिवस आधी कार्निव्हलचा मंगळवार. म्हणजे तो पडतो अमावास्येच्या आसपास. 2026 मध्ये कार्निव्हल 14 ते 17 फेब्रुवारी आणि महाशिवरात्र 15 ला. शिमगा पुढच्या पौर्णिमेला.

साष्टीकर:
तुम्ही दोघंही पणजीच्या मिरवणुकीवरून भांडताय. ती मिरवणूक 1965 ची. तिमोतेव फर्नांडिस पहिले मोमो झाले, "खा, पी आणि मजा कर" असा हुकूम सुटला, मागून पर्यटन खातं आलं. आमच्या दक्षिण गोव्यातल्या साष्टीतला इंत्रुज, म्हणजे जुना कार्निव्हल, वेगळा. पीठ नि रंगीत पाणी एकमेकांच्या अंगावर, आणि गावागावांत खेळ, म्हणजे आंगणात नाही तर रस्त्याच्या कडेला नाटुकली.

साष्टीतल्याच चांदर गावचा मुसळ खेळ पाहिलाय कोणी? कार्निव्हलच्या सोमवारी कोट वाड्यावरचे ख्रिस्ती पुरुष मुसळं जमिनीवर आपटत, गात घरोघर जातात. सुरुवात कपेलापासून, म्हणजे छोट्या चर्चपासून, आणि मूळ सांगतात ते हिंदू राजवटीतल्या विजयाचं. याला रोमन म्हणाल की ख्रिस्ती? फ्लोटवर, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या गाड्यांवर, नाचणाऱ्या मुली आणि दारूच्या जाहिराती हे आमचं नव्हे. चर्चनेही त्या तमाशापासून वेळोवेळी हात झटकलेत.

पणजीकर:
दादा, जुनं तेवढंच खरं हा हट्ट कशाला? कोलोनची जगप्रसिद्ध मिरवणूक 1823 मध्ये समिती नेमून सुरू झाली. व्हेनिसचा कार्निव्हल 1797 मध्ये प्रजासत्ताक बुडाल्यावर मोडला, तो धडपणे परत उभा राहिला 1979 नंतर. रिओची सांबा स्पर्धा 1932 ची, तीही एका वर्तमानपत्राने भरवलेली. सगळीकडे कोणीतरी पैसे घातले, कोणीतरी मार्ग आखला. आणि जुन्या इंत्रुजाचं इतकं कौतुक नको. पोर्तुगिजांनी तोच ब्राझीलला नेला, तिथे लोक मेणाच्या लिंबांत पाणी भरून एकमेकांना मारायचे. तो इतका हाताबाहेर गेला की रिओत पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागली.

शिवाय मंगळवारी क्लुब नासियोनाल या पणजीतल्या क्लबचा लाल-काळा नाच आम्हा पणजीकरांचाच आहे. आम्ही तिथे लाल-काळे कपडे घालून जातो ते काही पर्यटन खात्याच्या हुकमाने नाही.

फाल्गुनी:
चांदरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, तिरकसराव. ख्रिस्ती वारात जुना खेळ जाऊन बसला. हेच मी म्हणत होते.

तिरकस:
बसला, मान्य. पण बसायला ख्रिस्ती सोमवार आधी असावा लागला ना! आणि तो खेळ रोमहून आला नाही, चांदरचाच आहे. रोमचा मुद्दा तुम्ही अजून शाबीत केलेला नाही.

साष्टीकर:
पणजीकर, कोलोनची समिती शहरातल्या माणसांची होती, आपल्याकडे फ्लोटवर कंपनीचं नाव मोमोपेक्षा मोठं असतं. लाल-काळा नाच ठेवा तुमच्याकडे, त्याला माझी हरकत नाही. बाकी सगळ्यांनी पुढच्या सोमवारी चांदरला या, वाद तिथे घालू.